मोकळ्या प्लॉटवरचं लॅटिन

जुळे सोलापूरच्या बहुतेक गल्ल्यांत एखादा तरी प्लॉट मोकळा असतो. मालक पुण्यात नोकरीला, नाहीतर भाऊबंदकीचा दावा कोर्टात. चार कोपऱ्यांना दगड रोवलेले, मधे गंजलेली पाटी. उन्हाळाभर तिथे पोरं क्रिकेट खेळतात. मृगाच्या दोन चांगल्या सरी झाल्या की पंधरा दिवसांत प्लॉट हिरवागार होतो आणि शेजारच्यांची कुरकुर सुरू होते : गवत फार माजलंय, साप निघेल, जेसीबी लावून एकदाचं साफ करून घ्या.

त्या ‘गवता’त गवत असतं निम्म्याहून कमी. बाकी असतो केना, आघाडा, घेटुळी, एकदांडी, माठ, सराटा, रिंगणी. कडेला रुईचं झुडूप आणि पिवळ्या फुलांचा तरवड. जरा ओल धरून राहिलेल्या कोपऱ्यात माका. आणि या सगळ्यांना मागे सारत निघालेलं गाजरगवत. जुन्या माणसांना यातली आठ-दहा नावं तोंडपाठ असतात. त्यांच्या नातवंडांना ही सगळी एकाच शब्दात ठाऊक असतात : कचरा.

वनस्पतिशास्त्राचा माणूस मात्र अशा जागी गुडघे टेकून बसतो आणि खिशातून भिंग काढतो. त्याला आधी दिसतो केना. याची भाजी होते, पानांची भजीही होतात. फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं. वरच्या दोन पाकळ्या मोठ्या, निळ्याभोर. खालची तिसरी इतकी बारकी की शोधावी लागते. स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या ग्रंथांत या वंशाचं नाव आहे ‘कोमेलिना’. अ‍ॅमस्टरडॅमच्या कोमेलिन घराण्यातले यान आणि कास्पर हे काका-पुतणे वनस्पतिशास्त्रात नावाजले होते. त्याच घराण्यातला तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. दोन मोठ्या पाकळ्या त्या दोघांच्या, तिसरी बारकी त्या बिचाऱ्याची, असा खुलासा लिनियसने स्वतःच करून ठेवला आहे. भज्यांसाठी केना खुडणाऱ्या सोलापूरकराच्या हातात एका डच घराण्याची वंशावळ असते, ती अशी.

बाजूच्या घेटुळीचं नाव ‘बोअरहाविया’. हर्मन बोअरहावे हा लायडनचा नामांकित वैद्य. आपल्याकडे हीच वनस्पती पुनर्नवा म्हणून वैद्यांच्या घरात असते. वैद्याचं नाव वैद्याच्या झाडाला मिळालं, हे बरंच झालं. एकदांडीचं ‘ट्रायडॅक्स’ हे नाव तर फुलावरच लिहिलेलं आहे : कडेच्या प्रत्येक फिकट पाकळीच्या टोकाला तीन दाते असतात आणि नावाचा अर्थही पुष्कळदा तोच सांगितला जातो. ही एकदांडी मूळची मध्य अमेरिकेतली. पण खरचटलेल्या गुडघ्यावर तिचा पाला चोळणाऱ्या पोरांना ती परकी कधी वाटली नाही.

नाव ठेवणं हा या शास्त्राचा पाया आहे. वनस्पतीत औषध कोणतं, विष कोणतं, रंग कोणता, हे प्रश्न त्यानंतरचे. पाया कच्चा राहिला की वरचं काम कसं कोसळतं, याचे दाखले महाराष्ट्रातच पुष्कळ आहेत. आणि पाया पक्का घातला तर काय हाती लागतं, याचा एक दाखला खुद्द सोलापूर जिल्ह्यात आहे.

देवनागरीतलं झाड

नावांच्या या कारभाराचा एक धागा आपल्याच किनाऱ्यावरून जातो. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पती, पानभर चित्रं. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. त्यांनी दिलेला दाखला कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत पहिल्या खंडात छापला आहे. चित्रांवर वनस्पतींची नावं मल्याळम आणि अरबीबरोबर नागरी अक्षरांतही कोरलेली आहेत. यातल्या काही खंडांना टिपा लिहिणारा विद्वान होता यान कोमेलिन, म्हणजे केन्याच्या मोठ्या पाकळ्यांपैकी एक.

पुढे १७५३ साली लिनियसने ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव देण्याची रीत रुजवली. आधी वंश, मग जाती. आपल्याकडे आडनाव आधी आणि नाव मागून लिहिलं तर जसं होईल, तसंच हे. भारतातल्या अनेक वनस्पतींना नावं देताना त्याने रेडेची चित्रं समोर ठेवली होती.

एकोणिसाव्या शतकात हे काम मुंबई इलाख्यात आलं. जॉन ग्रॅहमची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी १८३९ची. ती पुरी होण्याआधीच तो वारला आणि निम्मो नावाच्या गृहस्थाने ती तडीला नेली. थिओडोर कूक हा आयरिश माणूस रेल्वेचा इंजिनियर म्हणून इकडे आला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य झाला आणि निवृत्तीनंतर त्याने मुंबई इलाख्याची ‘फ्लोरा’ लिहिली. १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला हा ग्रंथ आजही वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला चुकत नाही. सोलापूर त्याच इलाख्यातला जिल्हा.

आपली माणसं यात नुसती वाट दाखवायला नव्हती. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. बामनदास बसूंच्या बरोबरीने त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ साली बाहेर आला. सरकारी शेतकी खात्यातल्या र. का. भिडे यांच्या नावाने गवताचा एक आख्खा वंश ओळखला जातो : ‘भिडेया’. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या वनस्पतींची सरकारी मोजदाद तिथून होऊ लागली.

सोलापूरचा कांदा

या सगळ्या इतिहासात सोलापूरच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं. वनस्पती शोधायच्या तर सह्याद्रीत जावं, आंबोलीला जावं, कासच्या पठारावर जावं, हा शिरस्ता. सोलापूर म्हटलं की माळरान, ऊस, ज्वारी आणि टँकर. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. नान्नजच्या माळाकडे लोक वळले ते माळढोक पक्ष्यासाठी. त्या पक्ष्याच्या पायाखालची कुसळी आणि पवन्या बघायला कोण जाणार?

तरीही २०१४ साली लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘क्यू बुलेटिन’मध्ये एक नवी जाती जाहीर झाली आणि तिच्या नावात सोलापूर होतं : ‘क्रिनम सोलापुरेन्से’. नावापुढे कर्ते म्हणून तीन मराठी आडनावं लागली : गायकवाड, गरड आणि गोरे. यातले गायकवाड सोलापूरच्या वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयातले. सोलापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथही गायकवाड आणि गरड यांनीच सिद्ध केला.

क्रिनम म्हणजे आपला नागदवणा, गडांबी कांदा. जमिनीत मोठा कांदा, वर पट्ट्यासारखी लांब पानं आणि एका दांड्यावर पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचा झुबका. असली झाडं नदीनाल्याच्या काठाला पाहिलेली माणसं खेड्यापाड्यांत पुष्कळ भेटतील. पाहिलेलं निराळं आणि ओळखलेलं निराळं. हा कांदा शेजारच्या भावंडांपेक्षा वेगळा आहे, हे पुराव्यानिशी मांडणं म्हणजे नवी जाती जाहीर करणं.

नावाच्या शेवटी ‘सोलापुरेन्से’ का, ‘सोलापुरेन्सिस’ का नाही, असा प्रश्न एखाद्याला पडेल. मराठी माणसाला हे चटकन उमजावं. आपल्याकडे घोडा पांढरा, घोडी पांढरी, घोडं पांढरं होतं, तसंच लॅटिनचं. ‘क्रिनम’ हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘सोलापुरेन्से’. कासच्या पठारावरचा वायतुरा १९८२ साली जाहीर झाला. त्याचा वंश ‘अपोनोजेटॉन’ पुल्लिंगी, म्हणून तो ‘सातारेन्सिस’. कोल्हापूरच्या विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाला अलीकडेच छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. ‘सेरोपेजिया’ हा वंश स्त्रीलिंगी, म्हणून ती ‘शिवरायियाना’. तीन जिल्हे आणि लॅटिन व्याकरणाची तिन्ही लिंगं.

वर्तमानपत्रातलं वाळवण

नवी जाती जाहीर करायची म्हणजे नेमकं काय करायचं? साधनं तशी घरगुतीच असतात. वनस्पती फुलांसह, शक्य तर फळांसह आणि मुळांसह घ्यायची. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवायची. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे पाठीमागची लव आणि शिरा पुढे दिसतील. अशा घड्या एकावर एक रचून लाकडी दाबपट्टीत आवळायच्या. ओल शोषली गेली की कागद बदलायचा, पुन्हा आवळायचं. गडांबी कांद्यासारखी रसदार झाडं लवकर वाळत नाहीत. त्यांचे कांदे उभे चिरावे लागतात आणि कागद पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. कंटाळा केला की बुरशी धरते आणि नमुना वाया जातो.

वाळलेला नमुना सुमारे बेचाळीस बाय एकोणतीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचा. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी : कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केला, फुलाचा रंग कोणता, जमीन कशी, गावात याला काय म्हणतात. वाळल्यावर निळं फूल तपकिरी होतं, वास उडून जातो. चिठ्ठीवर लिहिलेलं तेवढं टिकतं. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

मग तुलना. पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणाच्या कपाटांत, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर संग्रहात आणि क्यूच्या संग्रहात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे असेच कागद आहेत. आपल्या हातातलं झाड त्यांपैकी कुणाशी जुळतं ते पाहायचं. कुणाशीच जुळत नसेल तर फरक मोजून मांडायचे, चित्र काढायचं, वर्णन लिहायचं आणि एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून मान्य संग्रहात जमा करायचा. पुढे कधीही वाद झाला तर निवाडा त्या कागदासमोर होतो. १९३५पासून २०११पर्यंत हे वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. २०१२पासून इंग्रजी चालतं. नाव मात्र लॅटिन वळणाचंच लागतं.

बाभळीचं बारसं मोडलं

एवढा बंदोबस्त असूनही नावं बदलतात आणि त्याचा सगळ्यात चमत्कारिक अनुभव सोलापूरकराच्या सर्वांत ओळखीच्या झाडाला आला आहे. बाभूळ. बांधावरची, ओढ्याकाठची, शेळ्या जिच्या शेंगांवर तुटून पडतात ती. पिढ्यान् पिढ्या पुस्तकांत तिचं नाव ‘अकेशिया निलोटिका’ छापलं गेलं. अकेशिया या वंशाचं प्रमाण झाड मुळी तीच होती. तिच्यावरूनच वंश ठरला होता.

पण संशोधन जसं पुढे गेलं तसं लक्षात आलं की अकेशिया हे एक घराणं नाहीच. त्यात निदान चार-पाच निरनिराळी घराणी एकत्र कोंबलेली आहेत. वाटणी करणं भाग होतं. प्रश्न हा की घराचं नाव कोणत्या भावाकडे राहणार? नियमाने ते बाभळीकडे राहायला हवं होतं. मात्र ऑस्ट्रेलियात या गटाच्या सुमारे हजार जाती. त्यांतली सोनेरी वॉटल तर त्या देशाचं राष्ट्रीय फूल. एवढ्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा अकेशिया हे नाव त्यांनाच द्यावं, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं. निम्म्याहून अधिक मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, तरी तो फेटाळायला साठ टक्के लागत होती आणि तेवढी जमली नाहीत. २०११ साली मेलबर्नला पुन्हा वाद झाला, निर्णय कायम राहिला. आपली बाभूळ ‘व्हॅशेलिया निलोटिका’ झाली आणि हिवर ‘व्हॅशेलिया ल्युकोफ्लोइया’. खैर ‘सेनेगालिया’त गेला.

भाऊबंदकीत घर गमावलेल्या बाभळीची ही कथा कुणाला हास्यास्पद वाटेल. पण वर्गीकरणाचं शास्त्र जिवंत असल्याची हीच खूण आहे. नवी माहिती आली की जुनी चौकट मोडते. सदाफुलीला लिनियसने १७५९ साली ‘विंका रोझिया’ म्हटलं. आज ती ‘कॅथरँथस रोझियस’ आहे. तिच्यापासून काढलेल्या कर्करोगावरच्या औषधांची नावं मात्र व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन. झाडाचं जुनं नाव औषधाच्या बाटलीवर राहून गेलं. जुळे सोलापूरमध्ये घरोघरी अंगणात, बाल्कनीतल्या कुंडीत सदाफुली असते. कॅनडातल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात तिचा अर्क तपासायला घेतला तो मधुमेहासाठी. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध हाती आलं.

विळी, रिठा आणि प्रयोगशाळा

झाडाच्या पोटात काय दडलंय हे शोधण्याची पहिली पायरी स्वयंपाकघरात रोज घडते. आवळा लोखंडी विळीवर चिरला की फोडी आणि विळी दोन्ही काळवंडतात. आवळ्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळसर निळा रंग येतो. प्रयोगशाळेत विळीच्या जागी फेरिक क्लोराइडचे दोन थेंब असतात, एवढाच फरक. तरवडाच्या सालीचा अर्कही असाच काळा पडतो. चामडं कमावणाऱ्यांनी ही साल पिढ्यान् पिढ्या वापरली ती याच टॅनिनसाठी. रिठा पाण्यात घुसळला की फेस येतो, तो सॅपोनिनमुळे. परीक्षानळीत अर्क घालून जोरात हलवायचा आणि फेस किती वेळ टिकतो ते पाहायचं, ही महाविद्यालयातली सॅपोनिनची चाचणी.

अर्क काढायला बहुतेक विभागांत सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण असतं. फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने ते १८७९ साली दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवलं होतं. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब वनस्पतीच्या भुकटीवर पडते आणि भांडं भरलं की सगळं एकदम खाली ओतलं जातं. पुन्हा उकळी, पुन्हा थेंब. तासन् तास. शेवटी उरतो गडद, चिकट अर्क. त्यात शेकडो रसायनं एकत्र असतात. ती वेगळी करण्याची एक रीत शाळेतल्या मुलांनीही केलेली असते : ओल्या खडूवर शाईचा ठिपका ठेवला की रंग वेगवेगळ्या वेगाने वर चढतात. प्रयोगशाळेत खडूच्या जागी सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी येते. प्रत्येक वनस्पतीच्या ठिपक्यांची मांडणी निराळी, जणू बोटांचे ठसे.

इथपर्यंतचं काम साध्या महाविद्यालयातही होतं. अडतं ते पुढे. या झाडात अल्कलॉइड आहेत, टॅनिन आहेत, फ्लेव्होनॉइड आहेत, एवढं सांगून थांबणारे शोधनिबंध ढिगाने निघतात. बहुतेक झाडांत ती असतातच. नेमका रेणू कोणता, किती, झाडाच्या कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत, हे सांगायला महागडी यंत्रं, वेळ आणि रसायनशास्त्रज्ञाची साथ लागते. आणि त्याहून आधी, ज्या झाडाचा अर्क काढला त्याचा वाळवलेला नमुना संग्रहात ठेवलेला असावा लागतो. तो नसेल तर निबंधात लिहिलेलं नाव आणि परीक्षानळीतलं झाड एकच होतं, हे कोण सांगणार?

नंदुरबार, गोरेगाव आणि नरक्या

नेमका रेणू शोधण्याचा एक दाखला मनसुख वाणींचा. ते १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९६६ साली त्याची रचना जाहीर केली. कर्करोगाच्या पेशींवर ते काम करत होतं. पाच वर्षांनी याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही मांडली.

चिनी झाड आपल्याकडे नव्हतं. पण १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन एका देशी झाडात असल्याचं दाखवलं. दोन्ही झाडं नात्याने कुठल्या कुठे आणि रसायन एकच. सह्याद्रीतलं हे झाड म्हणजे नरक्या. फुलांना घाण वास येतो म्हणून लोकांनी नाव ठेवलं नरक्या. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटलाही तोच वास आला आणि त्याने जातीचं नाव ठेवलं ‘फीटिडस’, म्हणजे दुर्गंधी. मात्र त्याच्या आधीच, १८३९च्या मुंबईच्या यादीत, ग्रॅहमने या झाडाला निम्मोचं नाव दिलेलं होतं. आधी छापलेलं नाव खरं, हा नियम. म्हणून आज ते ‘नोथापोडायटीस निम्मोनियाना’. यादी तडीला नेणाऱ्या निम्मोला त्याचं श्रेय असं उशिरा, दुर्गंधी पुसून मिळालं.

१९९६ साली कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. मागणी वाढली तशी सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाड चालली. जंगलातून चोरून तोडलेलं लाकूड ट्रकने बाहेर जात असल्याच्या बातम्या सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा भागांतून येत राहिल्या. रसायन सापडलं की झाडाला भाव येतो. भाव आला की झाड उरेलच, याची खात्री नसते.

एक नाव, चार झाडं

शंखपुष्पी मागितली तर दुकानदार काय देईल? वैद्यकाच्या पुस्तकांत या एका नावाखाली निदान चार वनस्पती येतात : विष्णुक्रांता, गोकर्ण, कॉन्व्हॉल्व्ह्युलस आणि कॅन्सकोरा. चौघींच्या पोटातली रसायनं निराळी. ब्राह्मीचंही तेच. कुणी ओढ्याकाठची बारीक जाड पानांची बाकोपा देतं, कुणी गोल पानांची मंडूकपर्णी. लोकनावं खोटी असतात असं नाही. ज्या गावात, ज्या वैद्याच्या तोंडी ती घडली तिथे ती पक्की असतात. गाव ओलांडून ती बाजारात आणि बाजारातून कारखान्यात गेली की घोटाळा होतो.

करोनाच्या काळात हा घोटाळा थेट इस्पितळात दिसला. गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि सगळ्यांनी गुळवेल घेतल्याचं सांगितलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर जो आक्षेप घेतला तो वनस्पतिशास्त्राचा होता : रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’, हे तपासलं होतं का? ओळख पटवण्याची साधी खूण अशी : गुळवेलीच्या खोडावर पातळ साल सुटते पण टेंगळं नसतात, क्रिस्पाच्या खोडावर टेंगळंच टेंगळं असतात. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या तीन.

वाद तिथेच मिटला नाही. डॉक्टरांनी पुढे आणखी रुग्णांच्या नोंदी मांडल्या, मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं. पण सहा घरांतल्या पातेल्यांत उकळलेल्या वेलींचे सहा वाळवलेले तुकडे कुणी जपून ठेवले असते, तर निम्मा वाद एका भिंगाखाली निकाली निघाला असता.

पुन्हा प्लॉटवर

क्रिनम सोलापुरेन्सेच्या घराण्यातल्या इतर जातींवर जगभर काम झालेलं आहे. क्रिनमच्या कित्येक जातींत लायकोरीन हे अल्कलॉइड सापडलं. त्याच घराण्यातल्या युरोपीय कांद्यांपासून मिळालेल्या गॅलँटामीनला २००१ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. सोलापूरच्या कांद्याला आज नाव आहे, मूळ नमुना आहे, वर्णन आहे. रसायनाचं काम करू पाहणाऱ्याला पाया तयार मिळाला आहे. त्याआधी जपायची आहे ती नदीकाठची ओल, जिथे तो उगवतो.

शहरातही थोडं करता येईल. या पावसाळ्यात शेजारचा प्लॉट साफ करायला जेसीबी बोलावण्याआधी एक चक्कर मारावी. ओळखू न येणाऱ्या झाडाची फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. त्यावर तारीख, गल्ली, फुलाचा रंग आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं नाव लिहावं आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन द्यावी. आणि काढा करायचा झाला, तर पातेलं गॅसवर चढवण्यापूर्वी वेल एकदा जाणकाराला दाखवून घ्यावी.